धागा: भोपळ्यातली म्हातारी, पण म्हातारीशिवाय (सोसायटीच्या गणपतीसाठी सल्ले हवेत)

मधलीसुट्टी | ६ जुलै, रात्री ११:४०

मंडळी, यंदा आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या सजावटीचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कोथरूड, जुनी सोसायटी, क्लबहाऊस म्हणजे एक बरा मोठा हॉल आणि त्याला चिकटून एक रिकामी खोली जिथे सध्या तुटक्या खुर्च्या आणि कुणाची तरी सायकल आहे. ती खोली मला हवीय.

डोक्यात आहे ते असं. "चल रे भोपळ्या टुणुक टुणुक" करायचं. आता लगेच डोळ्यापुढे काय येतं तर मध्ये म्हातारीचा पुतळा, बाजूला मान हलवणारा वाघ, मागे टेप चालू, लोक येणार फोटो काढणार प्रसाद घेणार आणि जाणार. ते नकोय मला. मला म्हातारीच नकोय. खोलीत एक मोठ्ठा भोपळा, आणि आत शिरून बसायचं. जो आत बसेल तो म्हातारी. बाहेर वाघ आहे, अस्वल आहे, कोल्हा आहे, ते तुम्हाला नीट दिसत नाहीत, नुसते जाणवतात. कारण लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला वाघ कधी आठवायचाच नाही, मला आठवायचं ते आतलं. अंधार, गोल भिंत, बाहेरून कोणीतरी विचारतंय आणि आपण आतून खोटं बोलतोय!

प्रश्न: १) एवढा भोपळा कशाचा करायचा? थर्माकोल २०१८ पासून राज्यात बंद आहे आणि नसता तरी मला तो नकोच. २) गणपती म्हणजे पाऊस, हवेत नुसता ओलावा. कागदाचा लगदा वाळेल का? ३) टुणुक टुणुक कसं करायचं?? ४) बजेट २५ हजार, त्यातले पाच सेक्रेटरी काका नंतर कापणार हे गृहीत धरा.

पेठकर | ७ जुलै, सकाळी ६:५५

गणपतीचा आणि भोपळ्याचा संबंध काय ते आधी सांगा.

आगाऊ_कार्टं | ७ जुलै, सकाळी ७:०२

काका, दोघांचं पोट.

पेठकर | ७ जुलै, सकाळी ७:१०

फार हुशार आहात. आमच्या वेळी देखावे बघायला रात्र रात्र चालायचो आम्ही, एकेक हलता देखावा म्हणजे काय सांगू. तुळशीबागेचा गणपती ज्यांनी फायबरमध्ये घडवला ते खटावकर सर स्वतः देखावे करायचे पुण्यात. तुम्ही म्हणताय म्हातारीच नाही आणि वाघही दिसणार नाही. मग लोकांनी बघायचं काय?

मधलीसुट्टी | ७ जुलै, सकाळी ९:२०

काका बघायचं नाहीये, बसायचंय :) हलते देखावे मीही बाबांच्या खांद्यावर बसून बघितलेत, त्याला तोड नाही हे मान्यच. पण ते करणारे कलाकार होते, मी हौशी आहे, माझा वाघ मान हलवायला लागला की पहिल्या दिवशी संध्याकाळीच अडकणार.

वास्तुपुरुष | ७ जुलै, दुपारी १:१५

कल्पना आवडली. आर्किटेक्ट आहे म्हणून पहिला प्रश्न तोच जो कोणी विचारत नाही: खोलीचा दरवाजा किती रुंद आहे? जुन्या बांधकामात तीन फूट धरा, चौकट वगळली की अजून कमी. पाच फुटी भोपळा बाहेर बनवाल आणि आत जाणारच नाही. म्हणजे एकतर आतच बांधायचा किंवा दोन-तीन तुकड्यांत करून आत जोडायचा. काढताना पण तेच.

दुसरं, मुलांचं वजन भोपळ्याच्या सालावर येता कामा नये. खाली १८ मिमी प्लायचा गोल पाट, बसणार त्यावर, आणि भोपळा नुसता त्या पाटावर टोपीसारखा ठेवलेला. मग साल कशाचंही करा, कागद, कापड, काहीही.

तिसरं, दारं दोन हवीत. समोरासमोर. मुलं आत असताना एक दार अडलं तरी दुसरं मोकळं. आणि दाराला दार नको, नुसतं भोक. कडी-कोयंडा-वेल्क्रो काही नाही.

मीनलमावशी | ७ जुलै, दुपारी ३:३०

कागदाचा लगदा पावसाळ्यात करू नकोस ग. माझी आई रद्दीच्या लगद्यात मेथीची पूड घालून टोपल्या करायची, मेथीने चिकटपणा येतो आणि कीड लागत नाही, पण ती ते एप्रिल-मे मध्ये करायची, गच्चीवर कडक उन्हात. जुलैमध्ये पाच फुटी काही केलंस तर वरून वाळेल आणि आतून बुरशी धरेल. मग दहा दिवस त्या वासात पोरं बसवणार का?

खळीत मोरचूद घालायला कोणीतरी सांगेल, आधीच सांगते, मुलं हात लावतात तिथे मोरचूद नको, विषारी असतं ते.

सुतळीबाँब | ७ जुलै, सायंकाळी ६:०५

बुरूड आळीत जा. एवढंच सांगतो. मंडईच्या जवळ, बांबू विणणारे बसतात ती.

सुतळीबाँब | ७ जुलै, सायंकाळी ६:१८

बरं जरा सविस्तर लिहितो, मघाशी बसमध्ये होतो. माझं आजोळ जुन्नरकडचं, तिथे घरात कणगी असायची, धान्य साठवायची. कामट्यांची किंवा तुरकाठ्यांची विणलेली, आतून बाहेरून शेणाने सारवलेली, माणूस उभा राहील एवढी. मधे फुगीर, वर निमुळती. अहो तो भोपळाच असतो! आम्ही पोरं लपाछपीत रिकाम्या कणगीत उतरायचो आणि मार खायचो. तर बुरूड लोकांना सांगायचं की भोपळा हवाय तर ते गोंधळतील, त्यांना सांगा दोन मोठी डालगी हवीत (बांबूच्या टोपल्या हो), तोंडाला तोंड लावून बसतील अशी, घेर अमुक. डालगं त्यांच्या हातातलं काम आहे. खालचं उथळ, वरचं खोल. वरच्याला दोन भोकं विणतानाच ठेवून घ्या, नंतर कापलीत तर विण सुटते. आणि वास्तुपुरुष म्हणतात तसं दोन तुकडे वेगळे नेता येतील. तरी दरवाज्याचं बघा, डालगं जरा दबतं, दोघांनी दोन्हीकडून दाबून तिरकं घातलं तर चार-सहा इंच जागा मिळते.

वास्तुपुरुष | ७ जुलै, रात्री ८:४०

हे भारी आहे. वाचनखूण साठवली. जोडताना बाइंडिंग वायर वापरू नका, टोकं लागतात. सुतळी. आणि भोकांच्या कडेला कामट्यांची कुसळं निघतात ती मुलांच्या गुडघ्याला घुसणार, सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून कडेवर बसवा आणि वरून चिंध्या गुंडाळून शिवून टाका.

जपानरिटर्न | ८ जुलै, सकाळी १०:३०

भोपळा म्हटला की जपानी कलाकार यायोई कुसामा. नाओशिमा बेटावर जुन्या धक्क्याच्या टोकाला तिचा पिवळा भोपळा आहे काळ्या ठिपक्यांचा, १९९४ पासून. मी काही वर्षं जपानमध्ये होतो तेव्हा बघून आलोय. ऑगस्ट २०२१ च्या वादळात तो समुद्रात वाहून गेला आणि फुटला, मग ऑक्टोबर २०२२ मध्ये नवा बसवला. गंमत म्हणजे त्या बाईंच्या घरचा धंदा रोपं-बियाणांचा, भोपळे लहानपणापासून बघितलेले.

तुमचा भोपळा तसा ठिपक्यांचा करा, लोक लगेच ओळखतील.

मधलीसुट्टी | ८ जुलै, सकाळी ११:००

ओळखतील म्हणूनच नको ना. तो तिचा भोपळा आहे, माझी म्हातारी वेगळ्याच गावची. शिवाय तो बाहेरून बघायचा, आत शिरता येत नाही.

जपानरिटर्न | ८ जुलै, सकाळी ११:२५

१९९३ ला व्हेनिसमध्ये तिने आरशांची खोली केली होती भोपळ्यांची. त्यातही नुसतं डोकावायचं होतं, शिरायचं नव्हतं. म्हणजे तुम्ही एक पाऊल पुढे, हलकेच घ्या.

गवतीचहा | ८ जुलै, दुपारी २:१०

वनस्पतीशास्त्र शिकवते म्हणून राहवत नाही. पुस्तकातल्या चित्रांत म्हातारी कायम लाल भोपळ्यात बसलेली असते. पण लाल भोपळा म्हणजे आपलं डांगर, ते अमेरिकेतून आलंय, पोर्तुगीज इथे आल्यानंतरचं. गोष्ट त्याहून जुनी असेल, आणि मला वाटतं असणारच, तर म्हातारी ज्यात बसली तो कडू भोपळा. ज्याचा तंबोरा होतो तो. दुध्या त्याच जातीचा. तो वाळला की साल लाकडासारखं कडक होतं, आत पोकळ आणि बिया खुळखुळतात. बसून गडगडत जायला तोच बरा, डांगर दुसऱ्या दगडाला फुटेल.

बंगालात हीच गोष्ट आहे, तिथे म्हातारी कुबडी आहे आणि ती लाऊमध्ये बसते. लाऊ म्हणजे आपला दुध्याच! शेवटी कोल्हा तिला खाणार तेवढ्यात ती आपल्या कुत्र्यांना हाका मारते आणि ते येऊन तिला वाचवतात. इराणमध्येही आहे, तिथे लांडगा, बिबट्या आणि सिंह. म्हणजे भोपळा बराच लांब गडगडलाय.

पेठकर | ८ जुलै, दुपारी २:३०

हे मात्र माहीत नव्हतं. उत्तम प्रतिसाद.

तंबोरा | ८ जुलै, सायंकाळी ५:४५

गवतीचहा +१. मिरजेला सतारमेकर गल्लीत जाऊन बघा, माळ्यावर भोपळेच भोपळे टांगलेले असतात. ते पंढरपूरच्या बाजूचे शेतकरी लावतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. तडकलेला, कामाचा नसलेला भोपळा स्वस्तात मिळेल बहुतेक. एखादा आणून खोलीच्या बाहेर टांगा, पोरांनी टिचकी मारून आवाज ऐकावा. आत जे ऐकणार त्याची तयारी.

एक_आजी | ८ जुलै, रात्री ९:१५

आमच्या वाड्याच्या विहिरीत मी पोहायला शिकले ती पाठीला असाच वाळका भोपळा बांधून. भाऊ वरून ढकलून द्यायचा. तो भोपळा आपल्याला बुडू देत नाही हे कळायला चार दिवस लागतात, तोवर नुसती आरडाओरड. नातवंडांना सांगितलं तर त्यांना वाटतं आजी थापा मारतेय.

तू म्हातारी ठेवणार नाहीस म्हणतेस ते मला आवडलं नाही. आमच्यासारख्यांना गुडघ्यांमुळे आत बसता येणार नाही आणि बाहेर बघायलाही काही नाही. मग आम्ही काय करायचं, प्रसाद वाटायचा?

मधलीसुट्टी | ८ जुलै, रात्री १०:५०

आजी, तुमचा प्रतिसाद वाचून स्वयंपाकघरात फेऱ्या मारतेय. बरोबर आहे तुमचं.

असं केलं तर? आवाज तुमचा. सोसायटीतल्या जेवढ्या आज्या तयार होतील त्यांच्याकडून गोष्ट रेकॉर्ड करून घ्यायची, प्रत्येकीने आपापल्या घरची जशी आहे तशी. आत बसलं की त्यातली कोणतीतरी एक लागते. म्हणजे म्हातारी आहे, फक्त दिसत नाही. पुतळा मात्र अजूनही नको, त्यावर मी अडून आहे, कारण एकदा पुतळा ठेवला की पोरं त्याच्याकडे बघणार आणि मग ती म्हातारी ती होते, आपण नाही.

एक_आजी | ८ जुलै, रात्री ११:०५

हे चालेल. मी कोथरूडची नाही पण फोनवर सांगते हवी तर. आमच्याकडे म्हातारी लेकीकडे जाऊन तूप-रोटी खाते. साखरभात म्हणणारे आहेत ते चूक.

शेवंता | ९ जुलै, सकाळी ८:००

आजी आमच्याकडे दूधभात होता! आणि शेवटी कोल्हा भोपळा फोडतो, म्हातारी त्याच्या डोळ्यात राख टाकते आणि पळते.

आगाऊ_कार्टं | ९ जुलै, सकाळी ८:०५

राख भोपळ्यात कुठून आली

शेवंता | ९ जुलै, सकाळी ८:०९

म्हातारीकडे राख नेहमी असते. मिश्री लावायला.

जुनीनऊवारी | ९ जुलै, दुपारी १२:४०

साल कशाचं करणार ते ठरलं का? कामट्यांवर जुन्या साड्या ताणून लावा. सुती. इरकल, पातळं, जे असेल ते. प्रत्येक घरातून एक मागा, पिवळी केशरी मातकट अशी. वापरून वापरून विरलेलं लुगडं इतकं मऊ असतं आणि त्यातून उजेड असा येतो की बस. मी गोधड्या शिवते म्हणून सांगते, नवीन कापडातून तो उजेड येत नाही, त्याला खळ असते आणि वीण घट्ट असते. खालच्या अर्ध्या भागाला दुपदरी करून धावदोरा घाला, गोधडीसारखा, पोरं पाठ टेकणार तिथे कामट्या टोचणार नाहीत. वरचा अर्धा एकपदरी. पावसाचाही प्रश्न नाही, ओलं झालं तर पंखा लावा, तासाभरात वाळतं.

फक्त नायलॉन, जॉर्जेट घेऊ नका, आग पकडलं तर वितळून अंगाला चिकटतं.

सावलीचा_खेळ | ९ जुलै, दुपारी १:२०

जुनीनऊवारी, तुमच्या त्या एकपदरी वाक्याने काम सोपं केलं!! वाघ सावलीचा करा. बाहेरून दिवा, मध्ये पुठ्ठ्याचा वाघ, आणि सावली पडणार साडीवर, आतल्याला दिसणार. बाहेर उभ्या असलेल्याला नुसता पुठ्ठा दिसेल, भीती फक्त आतल्याला. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर लोक चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात त्यात हीच युक्ती, पडद्यामागे उजेड.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. दिवा एकच आणि बारीक हवा, म्हणजे एका एलईडीचा टॉर्च. ट्यूब किंवा पट्टीचा एलईडी लावलात तर सावली फिसकटते, कडा राहतच नाहीत. दुसरं, पुठ्ठा भोपळ्याजवळ असेल तर वाघ लहान, आणि दिव्याकडे सरकवत नेलात तर सावली मोठी मोठी होत जाते. म्हणजे वाघ प्रत्यक्षात लांब चाललाय आणि आतल्याला वाटतंय अंगावर येतोय.

मधलीसुट्टी | ९ जुलै, दुपारी १:३२

मी ऑफिसमध्ये ओरडले आत्ता. लोक बघतायत.

तपकीरगल्लीवाला | ९ जुलै, रात्री ७:५०

वाघ पुढेमागे करायला मोटर लावणार असाल तर आमच्या गल्लीत मायक्रोवेव्हची ताटली फिरवणारी मोटर मिळते, मिनिटाला पाच-सहा फेरे, आवाज नाही, स्वस्त. पण ती थेट घरच्या लाइनवर चालते, म्हणून मुलांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी नको. आतल्या स्पीकरला आणि दिव्याला मात्र पॉवर बँक वापरा, भोपळ्याच्या आत २३० व्होल्टची वायर नेऊच नका. साडी, बांबू, सुतळी, सगळं जळणारं आहे. हॅलोजन तर खोलीतसुद्धा नको. आणि अग्निशामक नळकांडं दाराबाहेर ठेवा, त्याची तारीख तपासून. सोसायटीत लटकत असतं ते बऱ्याचदा संपलेलं असतं.

आज्यांचे आवाज आपोआप बदलायचे असतील तर बसल्यावर दाबला जाणारा स्विच पाटाखाली आणि एक छोटा एमपीथ्री बोर्ड. तुमच्या सोसायटीत इंजिनिअरिंगचं एखादं पोरगं असेलच, पुण्यात आहात.

आगाऊ_कार्टं | ९ जुलै, रात्री ८:३०

मोटर कशाला, आम्ही आहोत ना. आठवी ते दहावीची सगळी पोरं गणपतीत रिकामीच फिरतो. वाघ अस्वल कोल्हा शिफ्टमध्ये करू. "म्हातारे म्हातारे कुठे चाललीस" आम्ही ओरडणार आणि आतल्याने उत्तर दिलंच पाहिजे नाहीतर पुढे सोडणार नाही.

मधलीसुट्टी | ९ जुलै, रात्री ९:००

कार्ट्या तू माझ्याच सोसायटीतला आहेस हे मला आत्ता कळतंय. उद्या संध्याकाळी भेट.

वास्तुपुरुष | १० जुलै, सकाळी ९:४०

टुणुक टुणुकचं राहिलं. भोपळा गडगडवण्याच्या फंदात पडू नका. ट्रकच्या टायरची आतली ट्यूब घ्या, जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी मिळेल, पंक्चर काढून घ्या. अर्धीच हवा भरा. जमिनीवर ट्यूब, त्यावर प्लायचा पाट, त्यावर भोपळा. आत बसून जरा हललं की अख्खा भोपळा डुगडुगतो. पूर्ण हवा भरलीत तर उसळी जास्त आणि कलंडायची भीती. पाटाच्या कडेने खाली वाळूच्या चार छोट्या पिशव्या टांगा, वजन जितकं खाली तितकं बरं. आणि भोवती गाद्या. एका वेळी दोनच मुलं.

पेठकर | १० जुलै, सकाळी १०:१५

ज्याने ट्यूब शोधायला रविवारी जायचंय त्याने सकाळी लवकर जावे. दहानंतर तिथे चालता येत नाही.

छोटुलीची_आई | १० जुलै, दुपारी ४:००

कल्पना गोड आहे पण माझी तीन वर्षांची आहे, अंधार + सावलीचा वाघ + आरडाओरड, ती पुढचे महिनाभर झोपणार नाही. लहानांसाठी काहीतरी करा प्लीज.

मीनलमावशी | १० जुलै, दुपारी ४:४०

मोठ्या माणसाने दुसऱ्या भोकातून हात आत घालून बसायचं. तेवढं पुरतं. आम्ही गोष्ट सांगायचो तेव्हाही पोर मांडीवरच असायचं की.

मधलीसुट्टी | १० जुलै, रात्री १०:१०

लहानांची वेळ वेगळी ठेवते, सहा ते सात, दिवा चालू, वाघाने हळू बोलायचं. आरतीनंतर मोठ्यांचं.

---

मधलीसुट्टी | २ ऑगस्ट, रात्री ११:१५

अपडेट देते, बरेच जण विचारत होते.

बुरूड आळीत गेले. पहिल्या दोघांनी "ताई एवढं मोठं डालगं कोंबड्यांना का हत्तीला" म्हणून घालवून दिलं. तिसऱ्या दुकानात एक काका बसले होते, त्यांनी काही न विचारता हातातली कामटी जमिनीवर गोल धरली, माझ्याकडे बघितलं, अजून थोडी सोडली, पुन्हा बघितलं. मी मान हलवली तेव्हा तिथे पायाच्या अंगठ्याने दाबून धरून कोयत्याने खूण केली. हे झालं माप. मी मोबाइलमध्ये ड्रॉइंग काढून नेलं होतं ते त्यांनी बघितलंच नाही. बांबू आधी पाण्यात ठेवतात, म्हणजे भुंगा कमी लागतो आणि कामटी वाकवताना मोडत नाही. भोकांचं मात्र त्यांनी स्वतःहून सांगितलं: एकमेकांच्या बरोब्बर समोर नका ठेवू, जरा तिरकी ठेवा, नाहीतर मधली पट्टी दुबळी होते. वास्तुपुरुष, चालेल ना? मी हो म्हणून आलेय.

साड्यांसाठी लिफ्टमध्ये कागद लावला. मला वाटलं दहा-बारा येतील. रोज दारात पिशव्या! एका घरातून आलेल्या साडीच्या पदराला पिन तशीच लावलेली होती, ती मी परत नेऊन दिली तर काकू म्हणाल्या असू दे, सासूबाईंची होती ती पिन, तशीच लाव आत. लावणार नाही, पोरांना टोचेल, पण एका डबीत ठेवलीय.

भोपळा केशरी होतोय. गवतीचहा, माफ करा, शास्त्र तुमच्या बाजूने आहे पण केशरी साड्याच फार आल्या.

गवतीचहा | ३ ऑगस्ट, सकाळी ७:३०

करा हो केशरी. बाहेर कडू भोपळ्याचं खरं रोप लावलेली कुंडी ठेवा म्हणजे माझं समाधान होईल. फुलं पांढरी असतात आणि संध्याकाळी उमलतात, आरतीच्या वेळेला. डांगराची पिवळी, सकाळची.

वास्तुपुरुष | ३ ऑगस्ट, सकाळी ११:००

तिरकी भोकं चालतील. काकांचं बरोबर आहे आणि मी ते विचारात घ्यायला हवं होतं असं माझे सर म्हणाले असते.

पेठकर | ३ ऑगस्ट, दुपारी १२:२०

याला इन्स्टॉलेशन म्हणायचं का देखावा?

मधलीसुट्टी | ३ ऑगस्ट, दुपारी १२:२५

सेक्रेटरी काकांच्या हिशेबात "सजावट (इतर)" लिहिलंय.

---

मधलीसुट्टी | गणपतीचा तिसरा दिवस, रात्री १२:३०

पाय तुटलेत पण लिहिते.

चाललंय. खालच्या डालग्याचा एक काठ दरवाज्यात दबला आणि दोन कामट्या मोडल्या, सुतळीने बांधल्या, दिसत नाही. ट्यूबची हवा रोज संध्याकाळी थोडी जाते, सायकलच्या पंपाने भरतो. आज्यांची सात रेकॉर्डिंग आहेत, त्यातल्या एकीत मध्येच कुकरची शिट्टी होते आणि आजी म्हणते "थांब हं, गॅस बंद करते" आणि मग बराच वेळ काहीच नाही, आणि नेमक्या त्या शांततेत बाहेरून कार्टी वाघाची सावली मोठी करतात. हे ठरवून झालेलं नाही. पण आता पोरं मुद्दाम "कुकरवाली आजी लावा" म्हणून रांगेत भांडतात.

मला वाटलं होतं मुलं घाबरतील किंवा हसतील. ती दोन्ही करतात, पण सगळ्यात जास्त काय करतात तर वाद घालतात. वाघ विचारतो म्हातारी पाहिलीस का, आणि आतून "कसली म्हातारी नि कसलं काय" एवढंच यायला हवं ना, तर नाही. एकाने सांगितलं म्हातारी लेकीकडून विमानाने गेली. एका मुलीने वाघालाच विचारलं की तुला भूक लागली तर आमच्याकडे मोदक आहेत, म्हातारी कशाला खातोस, जून असेल. आमचा वाघ, म्हणजे आगाऊ_कार्टं, गप्प. त्याला पुढचं वाक्यच माहीत नव्हतं.

आणि मोठी माणसं! रात्री अकरानंतर, पोरं गेल्यावर, काका लोक येतात. इकडे तिकडे बघतात. चपला काढतात. शिरतात.

पेठकर | त्याच रात्री, १२:५०

मी आज सायंकाळी येऊन गेलो. आत बसलो नाही, रांग फार होती.

आगाऊ_कार्टं | त्याच रात्री, १२:५३

काका निळा शर्ट, काळी छत्री? तुम्ही बसला होतात. मी कोल्हा होतो.

पेठकर | त्याच रात्री, १२:५८

बरं.

एक_आजी | दुसऱ्या दिवशी, सकाळी ६:१०

माझं लावलंस का ग? तूप-रोटीवालं?

मधलीसुट्टी | सकाळी ८:४०

तिसऱ्या नंबरला आहे आजी. "साखरभात म्हणणारे चूक" हेही ठेवलंय, कापलं नाही. दुपारी व्हिडिओ कॉल करते, फोन आत ठेवते, तुम्हीही बसा.

शाळामास्तर | सकाळी ११:३०

विसर्जनानंतर भोपळ्याचं काय करणार? आमची शाळा मुळशीकडे आहे, पहिली ते चौथी. द्याल का? नेण्याची व्यवस्था आम्ही करू.

मधलीसुट्टी | दुपारी १:०५

द्यायचाच आहे, नाहीतर तो पुन्हा तुटक्या खुर्च्यांच्या खाली जाईल. पाट, ट्यूब, साड्या सगळं घेऊन जा, पॉवर बँक माझी आहे ती नाही. टेम्पो झाकलेला आणा, पावसाचा भरवसा नाही. रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर देते पण तुमच्या गावातल्या आज्यांचीही भरा त्यात, आमच्या सगळ्याच तूप-रोटीवाल्या निघाल्या, एकटी शेवंता सोडून.

शेवंता | दुपारी १:१५

दूधभात. आणि राख.

सुतळीबाँब | दुपारी १:२०

मास्तर, दरवाजा किती रुंद आहे वर्गाचा?